दोघांनी म्हणायचा सिग्नल

मुलुंडच्या बाजारात झेंडूच्या गोण्या उतरू लागल्या की मला कोळशाच्या धुराचा वास येतो. फुलं नाशिककडच्या शेतांतून आलेली असतात, ओलसर, तुरट वासाची. त्यांत कोळसा कुठून असणार? पण गोणीचं तोंड सुटतं, केशरी ढीग फुटपाथवर पसरतो, आणि मी पिशवी धरून तिथंच थबकतो. फूलवाली म्हणते, "काका, घ्यायचंय का नुसतं बघायचंय?" मी घेतो. दाराच्या तोरणाला लागतात त्याहून नेहमी जास्तच घेतो. बायको आता काही विचारत नाही.

हे दिवसच तसे असतात. पाऊस निरोप न घेता निघून गेलेला असतो आणि ऊन जणू मधल्या महिन्यांचं उट्टं काढत असतं. मिठागरांकडून येणारा वारा कोरडा होतो, ओठांना खारट लागतो. पश्चिमेच्या डोंगराचं गवत खालून पिवळं पडत वर चढतं. रिक्षांच्या काचांवर, दुकानांच्या तराजूंवर, गिरणीच्या पट्ट्यावर माळा येतात. वर्षभर जे राबतं त्याला एक दिवस बसवून ठेवायचं आणि हळदकुंकू लावायचं, ही खंडेनवमीची रीत मला दिवाळीपेक्षाही जवळची वाटते.

माझे वडील जामनेरला शिंपीकाम करायचे. खंडेनवमीला ते मशीन पुसून, तेल घालून त्याच्या चाकाला झेंडूची माळ घालत, आणि त्या दिवशी कुणाचं बटणसुद्धा लावून देत नसत. आमच्या घराच्या मागे रेल्वेची हद्द होती. पाचोऱ्याहून येणारी छोटी गाडी आमच्या गावात येऊन संपायची. पुढे रूळच नव्हते. लहानपणी मला वाटायचं, जगातल्या सगळ्या गाड्या शेवटी जामनेरलाच येऊन थांबतात. तिच्या इंजिनालाही माळ असायची, आणि वडिलांच्या मशीनलाही. माझ्या दृष्टीने दोन्ही एकाच जातीची यंत्रं होती, एक कापड पुढे सरकवणारं आणि एक माणसं.

त्या मशीनच्या कमाईवर माझं शिक्षण झालं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या ऑफिसात कारकुनी मिळाली आणि मुलुंडला एक खोली मिळाली. रोज साकीनाक्याच्या धुरातून बसने जायचं आणि त्याच धुरातून परत यायचं. शहराने मला पोट दिलं, त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. पण बोलायला माणसं दिली ती रेगेबाईंनी.

रेगेबाई मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत. लग्न केलेलं नव्हतं, आवाज असा की घंटेची गरज नसावी. रेल्वेच्या इतिहासाची आवड असलेल्या लोकांची एक संस्था दुसऱ्या शहरात होती. बाई तिच्या सभासद होत्या आणि उपनगरात तिची शाखा काढायची त्यांनी मनावर घेतलं होतं. वाचनालयाच्या फळ्यावर त्यांनी खडूने लिहिलं, जुन्या गाड्यांवर जीव असेल त्यांनी रविवारी घरी यावं. मी गेलो. तिथे आधीच आलेली मोजकी मंडळी इंग्रजीत इंजिनांच्या चाकांची चर्चा करत होती आणि मला त्यातलं अर्धंच कळत होतं. बाईंनी विचारलं, तुला काय येतं? मी म्हणालो, काही नाही, आमच्या गावात गाडी संपायची. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तू चिटणीस. बाकीच्यांना फक्त सुरू होणाऱ्या गाड्याच ठाऊक आहेत."

वडिलांनी गावभर सांगितलं, पोरगा रेल्वेत लागला. मी किती समजावलं तरी त्यांना ते पटलं नाही. पगार मिळत नसेल तर माणूस एवढा कशाला पळेल, असं त्यांचं म्हणणं.

शाखेचं उद्घाटन सभागृहात हार-भाषणांनी करायचं नाही, हे बाईंनी आधीच ठरवलं होतं. भांडुपच्या बाजूला एका कारखान्याच्या सायडिंगवर, म्हणजे मुख्य मार्गापासून फुटून आत गेलेल्या त्यांच्या खासगी रुळांवर, वाफेचं एक छोटं इंजिन उभं होतं. डबे ओढायला आता डिझेल इंजिन आलं होतं, आणि हे दिवाळीनंतर भंगारात जाणार होतं. मॅनेजर भला माणूस होता. खंडेनवमीला पूजा करा, पेटवा, फाटकापर्यंत नेऊन आणा, म्हणाला. फक्त चालवायला वाफेवर आयुष्य काढलेली माणसं आणा, नाहीतर नुसता नारळ फोडून जा.

ज्याला विचारावं तो दोनच नावं सांगायचा. ड्रायव्हर परब आणि त्यांचे फायरमन चौधरी. कल्याणच्या बाजूला दोघांनी कितीतरी वर्षं एका इंजिनावर काढलेली. दोघंही निवृत्त, दोघंही मुलुंडातच, परब पश्चिमेला पाच रस्त्याजवळच्या चाळीत, चौधरी पूर्वेला. नावं सांगून झाली की सांगणारा जरा थांबायचा, काहीतरी गिळायचा. ते थांबणं आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. आम्ही दोघांना एकाच संध्याकाळी बाईंकडे चहाला बोलावलं.

परबमामा आधी आले. उंच, वाकलेले, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी चपला दारात काढल्या त्या उलट्या, पुढची टोकं रस्त्याकडे करून. रात्री-अपरात्री बोलावणं आलं की पाय घालून तसंच निघता यावं म्हणून लागलेली सवय ती. चहा अर्धा झाला असेल. जिन्यावर पावलं वाजली, दारापर्यंत आली, थांबली आणि परत खाली गेली. मी बाहेर पाहिलं तर एक ठेंगणा माणूस कोपऱ्यावरून वळत होता. त्याने आत डोकावलंही नव्हतं. त्याने फक्त चपला पाहिल्या होत्या.

परबमामांनी कप खाली ठेवला. "तेचा नाव माझ्यासमोर काढू नको," मला म्हणाले. कुणाचं, ते मी विचारायच्या आधी ते उलट्या चपलांत सरळ पाय घालून निघून गेले होते.

पुढचं मला परबमामींनी सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता. चौऱ्याहत्तर सालच्या रेल्वेच्या मोठ्या संपात मामा बाहेर राहिले. नोकरी गेली, राहती खोली गेली, भांडीकुंडी रस्त्यावर आली. त्याचं त्यांना दुःख नव्हतं, ते पत्करूनच उतरले होते. पण संपाच्या दिवसांत ते साथीदारांबरोबर फाटकाशी उभे असताना पोलिसांच्या पहाऱ्यात एक इंजिन बाहेर पडलं. त्यांचंच इंजिन. वर ड्रायव्हर कुणी बाहेरून आणलेला होता. आणि भट्टीशी, फावडं हातात घेऊन, चौधरी. मामांना काही वर्षांनी परत घेतलं. तोवर चौधरींना बढती मिळाली होती. मामी म्हणाल्या, "सख्खो भाऊ मेलो तर माणूस तेरा दिवस रडता. ह्यांनी तर सुतकच सोडूक नाय."

चौधरी भुसावळकडचे निघाले. जामनेरचा आहे म्हटल्यावर त्यांनी मला आत घेतलं, भाकरी वाढली, आणि आमच्याकडचं भरीत इथल्या वांग्यांचं होत नाही यावर बराच वेळ बोलले. इंजिनाचा विषय काढल्यावर ते ताटं उचलू लागले. संपाचं मी काही विचारलं नाही. तेच म्हणाले की घरात पोरगी तापाने फणफणली होती, वगैरे. मग हाताने ते सगळं बाजूला सारल्यासारखं केलं. कारणं असतात भाऊ, कारणं सगळ्यांकडे असतात, म्हणाले.

मग त्यांनी मला एक नियम सांगितला. इंजिनावर सिग्नल एकट्याने पाहायचा नसतो. हाताचा सिग्नल, म्हणजे खांबावरची लाल पट्टी, आडवा असला तर थांबायचं, खाली पडला, म्हणजे डाऊन झाला, तर जायचं. ज्याला आधी दिसेल त्याने मोठ्याने म्हणायचं आणि दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. परत म्हटल्याशिवाय ते पाहिलं असं धरायचं नाही. उन्हापावसात, भट्टीच्या गडगडाटात दोघांनी आयुष्यभर हेच बोललेलं. बाकी गप्पा मारायला इंजिनावर सवड कुणाला? "त्या दिवशी मी ओरडलो, सिग्नल डाऊन," चौधरी म्हणाले, "आणि शेजारचा परका माणूस नुसता पुढं पाहत राहिला. परत म्हटलंच नाही त्याने. गाडी गेली भाऊ. पण मी अजून ऐकतोच आहे."

मी दोन्ही घरी पुन्हा पुन्हा गेलो. पूर्वेहून पश्चिमेला, स्टेशनाच्या पुलावरून. माझ्या बोलण्याने कुणी बदललं असं मला वाटत नाही. दोघांना इंजिनाने बोलावलं. परबमामा एक दिवस म्हणाले, कुठचाही इंजिन थंड पडान मरूक नये. येतो, पण मी त्याच्याशी बोलणार नाही. चौधरींनीही तीच अट घातली, जरा वेगळ्या शब्दांत. त्याला माझ्याशी बोलायला लावू नका, म्हणाले. रेगेबाईंना मी हे कळवलं तेव्हा त्या वैतागल्या. "नका बोलू म्हणावं. आम्हाला इंजिनाचा आवाज ऐकायचाय, या म्हाताऱ्यांचा नाही."

ती सकाळ मी अजून वासाने ओळखतो. चौधरींनी पहाटेच भट्टी पेटवली होती. आम्ही पोचलो तेव्हा धूर सरळ वर चालला होता आणि त्या काळ्या पोटात हळूहळू काहीतरी गुणगुणायला लागलं होतं. बाईंनी पुढच्या कठड्याला झेंडूची माळ बांधली, हळदकुंकू वाहिलं. उष्णतेने माळेतली फुलं कोमेजू लागली, आणि फुलांचा आणि कोळशाचा वास एकमेकांत मिसळला तो कायमचाच. परबमामा आले, इंजिनाभोवती एक फेरी मारली, जागोजागी तळवा टेकवला. वर चढण्याआधी पायरीला हात लावून कपाळाला लावला. चौधरींनी सरकून जागा दिली. शाखेचा चिटणीस म्हणून मलाही वर घेतलं होतं. मी मागे, कोळशाच्या बाजूला अंग चोरून उभा राहिलो.

त्या दोघांत मी इतकी जवळीक पाहिली की मला बघायची लाज वाटली. मामांनी हात पुढे करायच्या आत हवी ती वस्तू तिथे असायची. मामा जरा अंग हलवत तेवढ्यात चौधरी भट्टीचं दार उघडत आणि मामांच्या पायाला झळ लागू नये अशा बेताने फावडं फिरवत. एक शब्द नाही. नजरेला नजर नाही. लग्नाला चाळीस वर्षं झालेली जोडपी स्वयंपाकघरात अशी वावरताना मी पाहिली आहेत.

सायडिंगच्या तोंडाशी एक जुना हाताचा सिग्नल होता. रूळ तिथे उजवीकडे वळत होते, आणि ड्रायव्हरची जागा डावीकडे. वळणामुळे मामांच्या बाजूने सिग्नल दिसतच नव्हता. दिसत होता तो फक्त चौधरींना.

इंजिन वळणावर येऊन थांबलं. वाफ फुसफुसत होती. खाली बाई, मॅनेजर, कारखान्याचे कामगार, सगळे वर पाहत होते. मी चौधरींच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. लाल हात आडवा होता. मग तो थरथरला आणि खाली पडला.

चौधरी बाहेर वाकलेलेच राहिले. त्यांच्या मानेवर घामाने वाहून आलेल्या काजळीच्या रेघा मला दिसत होत्या. मामा समोरच्या काचेकडे पाहत होते, हात दांड्यावर. मला वाटलं, आता मीच सांगावं, पडला म्हणून. माझ्या ओठांवर आलंही होतं.

"सिग्नल डाऊन," चौधरी म्हणाले. आवाज फाटका आला.

मामांनी मान वळवली नाही. वाफेचा एक लांब उसासा गेला. कुणीतरी खालून विचारलं, काय झालं, बंद पडलं का?

"डाऊन," परबमामा म्हणाले, आणि त्यांनी दांडा ओढला.

आम्ही फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनी पेढे वाटले, शाखा स्थापन झाली. मी नळापाशी त्या दोघांकडे लक्ष ठेवून होतो. मामा हात पुसायच्या सुताच्या गुंड्याने बोटं पुसत होते. चौधरी थोडे दूर, काळे हात तसेच धरून उभे. मामांनी त्या गुंड्याचे दोन तुकडे केले, एक पायरीवर ठेवला आणि मागे न बघता फाटकाकडे चालू लागले. चौधरींनी तो उचलला. हात मात्र पुसले नाहीत. गुंडा खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या संध्याकाळी मी बाईंना सोनं द्यायला निघालो होतो, तर चौधरी स्टेशनाच्या पुलावर मधोमध कठड्याला टेकून उभे दिसले. हातात आपट्याच्या पानांची जुडी. दोन्हीकडून नटूनथटून लोक जात-येत होते. मी म्हटलं, चला काका, मी पण येतो. ते म्हणाले, आज त्याच्याकडे माणसं असतील, उद्या जाईन. दसरा सरल्यावर सोनं कोण देतं? थोड्या वेळाने ते पूर्वेकडचा जिना उतरून गेले.

दिवाळीनंतर इंजिन कापलं गेलं. तुकडे ट्रकमधून नेले. आम्ही बघायला गेलो नाही.

पुढच्या पावसाळ्यात परबमामांना अर्धांगवायूचा झटका आला. मी भेटायला जायचो. उजवं अंग गेलं होतं, बोलणं गेलं होतं, डोळे तेवढे जागे. मामी एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, दिवसभर मुके असतात रे, आणि संध्याकाळी मध्येच बोलतात. एकच शब्द. डाऊन. कुणी काय विचारूक नसता, कुणी काय म्हणूक नसता. कोणाक सांगतत?

मला माहीत होतं. मी तसाच पूल ओलांडून चौधरींकडे गेलो आणि सांगितलं. ते खाटेवर बसले होते. म्हणाले, उद्या सकाळी जातो. सकाळी ते निघाले, हे त्यांच्या मुलीने मला नंतर सांगितलं. पुलापर्यंत गेले आणि परतले. पुन्हा एकदा गेले, पुन्हा परतले. लोकांना वाटतं, अशा वेळी माणूस गर्वाने अडतो. मला तसं वाटत नाही. ज्याच्यासमोर आपण एकदा मान खाली घातली, त्याच्यासमोर ती वर कशी करायची, हे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत.

नवरात्र बसायच्या थोडं आधी मामा गेले.

आमची शाखा काही वर्षं चालली. रविवारी माणसं जमायची, जुने कंदील, जुनी तिकिटं आणायची. रेगेबाई गेल्या, मग मंडळी पांगली. जामनेरची गाडीही पुढे बंद पडली. वडील अखेरपर्यंत माझी रेल्वेतली नोकरी सांगत राहिले. आता मुलुंडला नवे जिने, नवे पूल झाले. मी झेंडू घेऊन त्यांच्यावरून जातो तेव्हा पुलाच्या मध्यावर पाय आपोआप मंद होतात.

मामा गेले त्या वर्षीच्या दसऱ्याला परबांच्या घरी तोरण नव्हतं. सुतकाच्या घरी सोनं नेत नाहीत, म्हणून मी नुसताच गेलो होतो, मामींशी चार शब्द बोलायला. बाहेर चाळीत मुलं पानं वाटत हिंडत होती. दारात सावली पडली. चौधरी होते. इस्त्रीचा सदरा, खिशातून आपट्याच्या पानांची टोकं दिसत होती. ती त्यांनी बाहेर काढली नाहीत. चपला काढून ते आत आले. मामी स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी उंबऱ्यातून पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा आत वळल्या.

भिंतीवर मामांचा फोटो होता, ताज्या हाराखाली. चौधरी त्याच्यासमोर उभे राहिले. हात जोडले नाहीत. इंजिनावर उभे राहायचे तसेच, पाय जरा फाकवून, अंग एका बाजूला झुकवून. मला वाटलं, ते क्षमा मागतील, निदान रडतील.

"सिग्नल डाऊन," ते म्हणाले.

फोटो होता तसाच पुढे पाहत होता. बाहेरच्या मुलांचा गलका आला आणि गेला. चौधरी वाट पाहत होते, आणि मला समजलं की ते असेच उभे राहणार, उत्तर आल्याशिवाय हा माणूस इथून हलू शकत नाही. मी तोंड उघडलं. पण ते माझं काम नव्हतं.

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"डाऊन," मामी आतून म्हणाल्या.